विसाव म्हणायचे राहिले

वीज गेली होती. जेवणे आटोपली होती, आणि गच्चीवर सतरंजी टाकून पडलेल्या पुतण्यांना काही झोप येत नव्हती. थोरल्या काकांनी आपली खुर्ची कठड्याशी ओढून घेतली. त्यांचे सारे आयुष्य शहराच्या प्राणिसंग्रहालयात, तिकिटांच्या खिडकीमागे गेले होते.

"काका, भुताची सांगा. पण खरी," धाकटा म्हणाला.

"खोटी सांगायला मी काय तुझा बाप आहे?" हशा ओसरला तसा काकांनी आवाज खाली आणला. "हे आमच्या माहुताच्या बाबतीत घडलं, त्यानंच मला सांगितलं. गेल्या डिसेंबरात, शुक्रवारी, अमावास्येच्या रात्री. साडेअकराचा सुमार असेल."

माहूत त्या रात्री बाहेर पडला तो अजगरासाठी. थंडी कडाक्याची होती आणि सर्पगृहातला उबेचा दिवा अधूनमधून दगा देत असे. माहुताचे घर आवारातच होते. हत्तीण गेल्यापासून त्याचा रात्री डोळा लागत नसे, हे सर्वांना ठाऊक होते. म्हणून असली कामे आपसूक त्याच्याच गळ्यात पडत.

"जा, जा," बायको पांघरुणातूनच म्हणाली. "अजगराला ऊब हवी. नवऱ्याच्या गुडघ्यांचं काय, ते थोडेच बघायला येतात लोक!"

"आलोच गं."

"सहा वर्षं हेच ऐकतेय. ती बाई सुटली, तुम्ही काही सुटला नाहीत."

तो दार ओढून बाहेर पडला. ती सुटलेली नाही, हे त्याचे त्यालाच ठाऊक होते.

ते प्राणिसंग्रहालय मुळात एका धनिकाची बाग. त्याने हौसेने मोर आणि हरणे पाळली, आणि जाताना सारे शहराच्या ओटीत घातले. पुढे वाघ आला, अस्वल आले, मगर आली. मगर इतकी निश्चल पडून राही की ती सिमेंटची आहे, यावर लोक पैजा लावीत. पण मुलांची खरी झुंबड हत्तिणीपाशी. पिलू होती तेव्हा आली, आणि जन्मभर पोरे पाठीवर घेऊन फिरली. उंच चौथऱ्यापासून निघायचे, मोर, हरणे, अस्वल, मगर असे करीत पुन्हा चौथऱ्याशी यायचे. शेवटची फेरी झाली की माहूत तिच्या कानामागे हात ठेवून म्हणे, "विसाव, बाई." तो शब्द कानी पडल्यावाचून ती चौथऱ्यापासून हलत नसे.

सहा वर्षांपूर्वी एका दुपारी हुकूम आला. फेऱ्या बंद. साहेब आले, भाषणे झाली, फोटो निघाले. पाठीवरची मुले उतरवली आणि लगोलग साहेबांनी माहुताला कचेरीत चहाला नेले. दिवसभराचा शिणलेला जीव, तो तिथून तसाच घरी जाऊन निजला. नव्या मदतनिसाला शब्द माहीत नव्हता. "हट्टी आहे झालं," असे म्हणून तोही निघून गेला. रात्रभर ती चौथऱ्याशी उभी होती. पहाटे तिथेच तिने देह ठेवला.

एवढासा शब्द. पण तो म्हणायचा राहिला तो राहिलाच. आता कुणाला म्हणावा?

तर त्या रात्री दिवा नीट पेटलेला होता. अजगर वेटोळे घालून स्वस्थ. माहूत परतीला लागला.

हरणांचा कळप उभा होता. साऱ्यांची तोंडे वाटेकडे. एकही कान हलत नव्हता. अस्वल कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"हत्तीच्या चालण्याचा आवाज होत नाही," काका मध्येच म्हणाले. "ठाऊक आहे का?"

धाकटा सतरंजीवर जवळ सरकला.

आवाज झालाच नाही. मानेवर श्वास आला. उष्ण. ओल्या गवताच्या वासाचा. माहूत थांबला. श्वास थांबला. तो चालू लागला...

श्वास आला.

त्याने मागे पाहिले नाही. एरवी श्वासागणिक आपोआप चालणारे नाम आज ओठांवर अडखळले. पुढे चौथरा आला, तसा मागचा श्वास सरला. चौथऱ्यामागच्या आभाळात चांदण्या होत्या. मग नव्हत्या. चौथऱ्याच्या कडेशी तिच्याएवढाच मोठा काळोख... उभा होता. वाट पाहत.

दमलेला.

ते दमणे माहुताने ओळखले. ते त्याचेही होते. शब्द उच्चारला की ती जाणार, कायमची जाणार, आणि मग रात्र जागायला कारणही उरणार नाही, हे त्याला त्या क्षणी उमगले. त्याने हात वर केला. कान असायचा तिथे. हाताला काहीतरी खरखरीत लागले...

"वि..."

पुन्हा.

"विसाव, बाई. झालं आता... मलाच उशीर झाला."

काही नाही. मग एक दीर्घ सुस्कारा. आणि चांदण्या, एकेक करून, परत आल्या.

काका थांबले. खाली रस्त्यावर एक कुत्रे भुंकून गप्प झाले.

"मग?"

"मग काय! दुसऱ्या दिवशी सकाळचे आठ वाजले तरी गडी उठेना. बायको रडत माझ्याकडे आली, म्हणाली, भावजी, बघा हो यांना काय झालंय. जाऊन हलवलं, तर म्हणतो, निजू दे रे."

पोरे हसली. काका हसले नाहीत.

"परत येताना हत्तीखान्यावरून आलो. ती गेल्यापासून तो बंद, आणि किल्ली माझ्या खणात. का कोण जाणे, कुलूप उघडलं. आत सहा वर्षांची धूळ. दारापासून एक पाऊल उमटलेलं नाही. आणि मधोमध... एका कुशीवर कुणी निवांत पडून राहावं, तेवढी मोठी जागा. स्वच्छ."

"मग तुम्ही काय केलंत?"

काकांनी अंधारात आपला तळहात उलटा करून पाहिला.

"खाली बसलो. हात टेकवला." त्यांनी तो तळहात मिटला. "बाहेर हाडं गोठत होती रे... आणि ती फरशी उबदार होती."