बर्फ न पडलेल्या वर्षीचा ससा

सशाचा फोटो काढायचा होता. पण असा, की त्यात ससा दिसला पाहिजे!

ऐकायला सोपं वाटतं. पण उंच डोंगरातला हा ससा हिवाळ्यात मिशीपासून शेपटीपर्यंत पांढराशुभ्र होतो आणि बर्फात जाऊन बसतो. एका फोटोग्राफरबाईंनी (धाकटा भाऊ त्यांना ताई म्हणतो, आपणही ताईच म्हणू) अकरा हिवाळे त्याचा पिच्छा पुरवला होता. अकरा हिवाळ्यांच्या फोटोंत कानांची दोन काळी टोकं तेवढी दिसत, बाकी सगळा बर्फ. नातेवाईक फोटो उलटासुलटा करून बघत आणि विचारत, "छान आलाय हं. पण ससा कुठंय?"

यंदा तर बर्फानेच दगा दिला. जानेवारी सरत आला तरी डोंगर काळेच. बाकीच्या फोटोग्राफरांनी केव्हाच गाशा गुंडाळला. ताईला मात्र पुढचा हंगाम नव्हताच. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यानंतर पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढणं कायमचं बंद, असं सर्जननी बजावलं होतं. सशाचा फोटो मिळाला तर या हिवाळ्यात, नाहीतर कधीच नाही.

एका संध्याकाळी स्वयंपाकघरात गुडघा शेकत बसली असताना ती एकदम उठली आणि तिने भावाला फोन लावला.

"अरे, ससा पांढरा झाला असणार!"

"कशाला? बर्फ कुठाय?"

"दिवस लहान झाले की त्याचा कोट बदलतो. बर्फ पडलाय की नाही, हे तो बघायला जात नाही. काळ्या डोंगरावर पांढरा ससा! अकरा वर्षांत आली नाही अशी संधी आहे ही!"

"आणि आपण दिसतोय, हे त्याला कळत असेल का गं?"

हा प्रश्न ताईला सुचलाच नव्हता. आता तो तिला स्वस्थ बसू देईना.

भाऊ दातांचा डॉक्टर. डोंगर त्याला कॅलेंडरवरच आवडत. पण बहिणीच्या गुडघ्यावर त्याचा काडीचाही भरवसा नव्हता, म्हणून दवाखान्याला कुलूप घालून तोही निघाला. वाट दाखवायला डोंगरातली एक मावशी मिळाली. तिची सारी हयात मेंढ्यांमागे गेली होती. ताईने सवयीने घातलेला पांढरा कोट बघून मावशीने कपाळाला हात लावला.

"पोरी, सशाच्या आधी तूच दिसशील!" असं म्हणून तिने आपली तपकिरी घोंगडी ताईच्या अंगावर टाकली.

पहिल्याच दिवशी घोडं अडलं. दरवर्षी गोठलेल्या तळ्यावरून सरळ पलीकडे जाता येई. यंदा पाण्यावर नुसता पापुद्रा! मावशीने दगड टाकला. डुबुक! मग काठाकाठाने वळसा, आणि तासाभराच्या वाटेला सहा तास. दुसरा दिवस नुसता भटकण्यात गेला. ससा तर सोडाच, त्याची लेंडीही दिसेना. बर्फ नाही म्हणजे त्यावर पावलंही उमटणार नाहीत, ही साधी गोष्ट अकरा वर्षांच्या अनुभवी बाईच्या डोक्यात आली नव्हती. ताई स्वतःवरच चरफडत राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी भाऊ दमून एका झुडपापाशी बसला आणि बसल्या बसल्या फांदी निरखू लागला.

"ताई, ही कुणीतरी खाल्लीये."

"हरणाने खाल्ली असेल. चल, ऊठ."

"छे! हरणाला वरचे पुढचे दात नसतात. ते ओरबाडतं, टोकाच्या चिंध्या होतात. हा काप बघ, सुरीने मारल्यासारखा तिरका. वर-खाली दोन्हीकडे पटाशीचे दात, आणि काय धार! असे पेशंट आमच्या नशिबी कुठले!"

ताईने त्याला मिठीच मारली. मग तिघं झुडूप झुडूप तपासत निघाली. खुडलेल्या फांद्यांचा माग डोंगराच्या पूर्वेच्या अंगाला गेला आणि एका भल्यामोठ्या घसाऱ्यापाशी संपला. वरपासून खालपर्यंत सुट्ट्या काळ्या दगडांचा उतार, आणि त्यातून आडवी जाणारी वीतभर पायवाट!

"रात्री गारठ्यानं दगड घट्ट बसतात," मावशी म्हणाली. "ऊन लागलं की सुटतात. एरवी बर्फ धरून ठेवतो त्यांना. उद्या उजाडता उजाडता निघायचं आणि ऊन यायच्या आत पलीकडची कपार गाठायची, तिथून सगळा घसारा दिसतो. मधे थांबायचं नाही. शिंक आली तरी चालता चालता द्यायची!"

पहाटे तिघं निघाली. पुढे मावशी, मधे ताई, मागे भाऊ. अर्धी वाट सरली आणि ताईचे पाय जागीच थिजले.

ससा! वरच्या अंगाला, अवघ्या वीस पावलांवर, दोन काळ्या दगडांच्या मधे. पांढराशुभ्र, अख्खा, कानांपासून पंजांपर्यंत! तो हलला नाही. नाकपुडीसुद्धा नाही. आपण कुणाला दिसतच नाही, अशा खात्रीने तो बसला होता. भावाच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यासमोर बसलं होतं आणि ताईला हसूही आलं, भडभडूनही आलं.

तिने कॅमेऱ्याला डोळा लावला. एक फोटो घेतला. सावलीतला, मळकट. वर उतारावर मात्र उन्हाची सोनेरी कड हळूहळू खाली सरकत होती. आणखी पाच मिनिटं, आणि ती सशावर येणार होती!

"पोरी, चल!" मावशी दबक्या आवाजात म्हणाली.

"पाचच मिनिटं."

टक. टक टक. वरून एक खडा घरंगळत आला. मग दुसरा, लिंबाएवढा. ज्या उन्हाची ताई वाट बघत होती, तेच ऊन वर दगड सोडवत होतं.

"ताई," मागून भाऊ अगदी हळू म्हणाला, "घाई नाही करत मी. पण तू हलल्याशिवाय मला पुढे जायला जागा नाही गं."

तिने मागे पाहिलं. त्याचे दोन्ही हात उताराला टेकलेले, ओठ पांढरे पडलेले. हा माणूस तिच्या गुडघ्यासाठी इथवर आला होता. ताईला स्वतःची लाज वाटली. तिने कॅमेरा खाली घेतला.

"चल!"

धड... धडधड! डोंगर जागा झाला! "पळा!" मावशी ओरडली. ताई धावली. गुडघ्यातून कळ गेली. पाय मुडपला. भावाने मागून तिच्या पाठपिशवीला धरून तिला उभं केलं, ढकललं. भोपळ्याएवढा दगड त्यांच्या मागून उसळत गेला. चार पावलं. तीन. मावशीचा हात! तिघं कपारीत कोसळली.

धूळ बसायला बराच वेळ लागला. ताईने डोकं बाहेर काढलं. ससा तिथेच होता! दगड त्याच्या दोन्ही बाजूंनी गेले होते आणि आता त्याच्यावर लख्ख ऊन पडलं होतं. असा फोटो पुन्हा जन्मात मिळणार नव्हता. तिने श्वास रोखला, कॅमेरा उचलला, बोट बटणावर ठेवलं.

काळ्या दगडांवरून एक सावली सरकली. मोठी, पंखांची. गरुड! त्यालाही ससा लख्ख दिसत होता. आणखी दोन क्षण थांबलं, की गरुड आणि ससा एकाच फोटोत. ससा हलणार नव्हता. त्याचा आपल्या पांढऱ्या कोटावर पुरता विश्वास होता.

ताई दुखऱ्या गुडघ्यावर ताडकन उभी राहिली, घोंगडी फडफडवली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली,

"अरे पळ! दिसतोयस तू! सगळ्यांना दिसतोयस!"

ससा उसळला. एक उडी, दुसरी, आणि दगडांच्या फटीत गडप! गरुडाची नखं रिकाम्या दगडावर घासली. मोठमोठे पंख मारत तो समोरच्या कड्याकडे निघून गेला.

कपारीत मावशी खो खो हसू लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ताई," भाऊ म्हणाला, "उन्हातला काढलास?"

"नाही."

"मग?"

"सावलीतला आहे एक. पुरे तेवढा," ती म्हणाली आणि गुडघा चोळत खाली बसली.