वाटेचं विरजण

मुझफ्फरपूरच्या बाहेर, लिचीच्या बागेत तेजल भिलारे सकाळची कामं उरकत होती. आधी मधमाश्यांसाठी पसरट थाळ्यांत पाणी, त्यात बसायला खडे. मग चूल. मग बरण्या. चपटा लाकडी चमचा तिने जिभेवरून फिरवला आणि लाल झाकणाच्या बरणीत ढवळला. निळ्या झाकणाची बरणी तिच्या सासऱ्यांची होती. त्यांनीही तसंच केलं, पण तोंड वाकडं करून.

"पाच महिने झाले, तरी ही उष्टवायची रीत काय पटत न्हाई बघ," आण्णा म्हणाले.

"रोज बोट टोचून रक्त देण्यापेक्षा बरी आहे की, आण्णा."

आण्णा वीस वर्षं मधपेट्या घेऊन फिरत होते. दिवाळीनंतर महाबळेश्वरकडचं घर सोडायचं, राजस्थानात मोहरी, नीमचकडे धने आणि ओवा, मार्चमध्ये बिहारात लिची. फुलं सरतील तसा मुक्काम हलायचा. मधमाश्यांना ताजा मकरंद मिळायचा आणि माणसांना धाब्यावरचं तेलकट कालवण, चहा, बिस्किटं. त्या खाण्याने आण्णांची साखर वाढत गेली आणि डाव्या पायाची दोन बोटं कापावी लागली. नवऱ्याची पाठ कामातून गेल्यावर त्याच्या जागी तेजल पेट्यांच्या ट्रकवर आली. पहिल्याच वर्षी ती मोहरीच्या शेतात चक्कर येऊन पडली. अंगात रक्तच नव्हतं. स्वतंत्र पथ्याचं अन्न वाटेत शिजवणार कोण, आणि ते परवडणार कसं?

मग हे विरजण आलं. पुण्याच्या एका प्रयोगशाळेने ते सततच्या फिरस्त्यांसाठी बनवलं होतं. त्यातले जीवाणू लाळेतल्या खुणा ओळखत. कुणाला लोह कमी, कुणाची साखर जास्त, कुणाच्या पोटात जळजळ. वाटेत जे स्वस्त मिळेल ते त्यात कालवायचं, नाचणीचं पीठ, सातू, मोहरीचा पाला, काहीही. संध्याकाळपर्यंत ते आंबून फुगायचं आणि त्या माणसाला जे कमी तेच त्यात तयार व्हायचं. ते तव्यावर पसरलं की जेवण झालं. तीन महिन्यांत तेजलच्या नखांचा पांढुरकेपणा गेला. आण्णांच्या पायाची जुनी जखम भरून आली.

अट एकच होती. विरजण चाळीस दिवसांनी आपोआप मरायचं. जीवाणू मोकाट सुटू नयेत म्हणून त्यांची घडणच तशी केली होती. नवी पुडी टपालाने यायची आणि विरजण दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, असं पुडीवर ठळक छापलेलं असायचं.

या वेळी पुडी वेळेवर आली नाही. एकेचाळिसाव्या दिवशी तेजलची बरणी थंड पडली. आण्णांची मात्र नेहमीसारखी फुगली. त्यांनी त्यातलं चमचाभर तिच्या बरणीत घातलं आणि तीही पुन्हा उठली. सत्तेचाळिसाव्या दिवशी तेजलने प्रयोगशाळेला फोन लावला.

"अजून जिवंत आहे?" पलीकडे डॉ. नीलाक्षी परचुरे होत्या. विरजण त्यांनीच घडवलं होतं. "आणि तुम्ही ते खाताय?"

"रोज. का हो, बाई?"

"मी येतेय," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी त्या बागेत उतरल्या, पाठीवर छोटं परीक्षणयंत्र घेऊन. ट्रकच्या फाळक्यावर त्यांनी ते मांडलं. जीवाणूंमध्ये त्यांनी एक खूण पेरलेली होती. ती असली की तपासपट्टी जांभळी होई. दोन्ही बरण्यांच्या पट्ट्या गडद जांभळ्या झाल्या.

"माणसाला अपाय होईल असं यात काही नाही," दुपारी त्या म्हणाल्या. तेजलचा जीव भांड्यात पडला. "पण आण्णांच्या बरणीत एक स्निग्ध पदार्थ बनतोय. तो माणसाला लागतच नाही. आण्णा, तुम्ही यात काय घातलं होतं?"

आण्णा चाचरले. "परागपाव. चिमूटभर. नुसतं विरजण लई आंबूस लागायचं, म्हणून."

मधमाश्या पोळ्याच्या घरांत पराग दाबून भरतात आणि वर मध ओततात. तो आंबला की परागपाव होतो. अळ्या त्याच्यावरच वाढतात. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. "म्हणजे मधमाश्यांचं विरजण. कोट्यवधी वर्षांचं. आमच्या जीवाणूंनी जगायचं कसं ते त्यांच्याकडून उचललं." मग एकदम त्यांनी विचारलं, "बरण्या कुठे धुता?"

तेजलने पाण्याच्या थाळ्यांकडे बघितलं. धुतलेलं पाणी फुकट का घालवायचं, म्हणून ती त्यातच ओतत असे.

डॉक्टर पेटीजवळ गेल्या. आण्णांनी धूर दिला, एक चौकट वर काढली. पट्टी टेकवली आणि ती जांभळी झाली. दुसरी पेटी, तिसरी, विसावी. सगळ्या जांभळ्या. चौकटींवर अळ्या दाटून भरलेल्या होत्या, एकही घर रिकामं नव्हतं. असं भरलेलं पोळं आपण आयुष्यात बघितलं नाही, असं आण्णा महिनाभर म्हणत होते. ते नवल फुलांचं असेल असं त्यांना वाटलं होतं.

"तो पदार्थ माश्यांच्या अळ्यांना लागतो," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "माश्या ते पाणी प्यायल्या. त्यांच्या तोंडाची खूण विरजणाला कळली आणि त्यांना जे कमी ते त्याने बनवलं. हे त्याला कुणीही शिकवलं नव्हतं."

आण्णांनी चौकट अलगद पेटीत परत सरकवली.

"नियम काय सांगतो, बाई?" तेजलने विचारलं.

"पेट्या जाळायच्या. सगळ्या."

आण्णांनी जवळच्या पेटीवर हात ठेवला. "दोनशे बारा वसाहती हायत. लेकरांगत सांभाळल्यात."

"मला कळतंय, आण्णा."

"आणखी एक सांगायचंय," तेजल म्हणाली. लपवून चालणार नव्हतं. "बागेच्या राखणदाराची बायको, फूलमती. सातवा महिना आहे. माझ्यासारखीच पांढरी पडली होती. मी तिला चमचाभर दिलं. तिने सातूत लावलं. तिच्याकडून वस्तीतल्या सात घरांत गेलंय. पुडीवरचं वाचलं होतं मी. तरी दिलं. काल दवाखान्यात तिचं रक्त वाढलेलं निघालं."

डॉक्टर रागावतील असं तेजलला वाटलं, पण त्या म्हणाल्या, "पेट्यांच्या बाहेर किती पसरलंय ते आधी बघू."

आण्णांनी त्यांना बागेच्या टोकाला नेलं. तिथे एक प्रचंड काटेसावर उभी होती आणि तिच्या फांद्यांना आग्या माश्यांची पोळी लटकत होती. तीस तरी असतील, एकेक दरवाजाएवढं. या माश्या कुणी पाळत नाही. त्या पेटीत राहतच नाहीत. लिचीच्या फुलांवर मात्र आण्णांच्या माश्यांच्या शेजारीच बसतात. झाडाखाली पोळ्याचा एक तुकडा गळून पडला होता. डॉक्टरांनी वाकून त्यावर पट्टी टेकवली.

पट्टी जांभळी झाली.

तेवढ्यात वरून घार गेली. सावली पडताच एका पोळ्यावरच्या हजारो माश्यांनी एकापाठोपाठ अंग उचललं आणि चकाकती लाट वरून खाली सरकली. मग शेजारच्या पोळ्यावर, मग त्याच्या पलीकडच्या. सगळं झाड श्वास घेतंय असं दिसलं. तिघंही माना वर करून बघत राहिली.

"आता पेट्या जाळून काही उपयोग नाही," डॉक्टर म्हणाल्या. आवाजात भीती होती, आणि देवळात शिरल्यावर येतो तसला हळुवारपणाही. "प्रयोगशाळेला मी जे आहे ते कळवणार. पण पेट्यांना हात लावायचं कारण उरलेलं नाही, हेही लिहीन."

आण्णांनी डोळे पुसले.

"या माश्या इथेच राहतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे! महिन्याभरात उठतील. तराईकडं जात्यात, हिमालयाच्या डोंगरापातूर. पाऊस सरला की पुन्हा खाली. ह्याबी फिरस्त्याच."

"आणि वाटेत?"

"वाटंत मिळंल त्या फुलावर बसायचं. त्याच फुलावर फुलपाखरं येत्यात, मुंग्या येत्यात, शिंजीर पाखरू येतं. समद्यांचीच तोंडं लागत्यात."

डॉक्टरांनी तपासपट्ट्यांचं पाकीट उघडलं. आत सहाच उरल्या होत्या. त्या मोजून त्यांनी पाकीट तसंच मिटलं आणि उत्तरेकडे, लिचीच्या मोहरापलीकडच्या धुरकट क्षितिजाकडे बघितलं.

"तेजल," त्या म्हणाल्या, "भुकेल्याचं तोंड ओळखायला शिकलेलं विरजण पुढच्या वर्षी या वेळेला कुणाकुणाला जेवू घालत असेल?"