तीन वर्षांची माती

पानागोसच्या आयुष्यातल्या शेवटच्या साध्यासुध्या दिवशी त्याची मुलगी स्मारो डबा घेऊन संग्रहालयात आली आणि एका परक्या माणसावर खेकसली.

“ओ! हात काढा आधी. पाटी दिसत नाही का?”

तो माणूस दालनाच्या टोकाच्या समाधीशिळेपाशी गुडघे टेकून बसला होता. ऑक्टोबरातला दक्षिणेचा वारा सुटला होता, आणि समुद्राकडच्या खिडक्यांवर मिठाचा धुरकट थर बसला होता. त्याने मान वळवली, पण तळवा दगडावरून हलवला नाही. त्याच्या भुवया संगमरवराच्या भुकटीने पांढऱ्या झाल्या होत्या.

“तुम्ही इथल्या पहारेकरी?”

“पहारेकऱ्याची मुलगी.”

“म्हणजे त्याहून कडक.”

“बाबा जरा कॉफी आणायला गेला, की लगेच तुमच्यासारखे...”

“तुमच्या बाबांनीच बसवलंय मला इथं,” तो हसला. “ही चीर बुजवायला अथेन्सहून बोलावलंय. मी स्ट्रातिस.”

स्मारोला वाटले, डबा तिथेच टाकून पळावे. ती तेहतीस वर्षांची होती, लिमनारी गावाच्या वाचनालयाचा कारभार एकटीने बघत होती, आणि तिचे कान शाळकरी पोरीसारखे लाल झाले होते.

शिळेवर कोरलेली एक बाई खुर्चीत बसलेली होती आणि एक पुरुष तिच्यासमोर उभा होता. दोघांनी एकमेकांचा हात हातात घेतलेला. पानागोस तीस वर्षे येणाऱ्याजाणाऱ्याला एकच प्रश्न विचारत आला होता – यातलं मेलंय कोण?

“तुम्हालाही विचारलंच असेल,” स्मारो म्हणाली.

“विचारलं ना. मी म्हटलं, पुरुष.”

“चूक. बाई.”

“कशी काय? बघा तरी, बाईनं किती घट्ट धरलाय हात. जाणारं माणूस कशाला एवढं घट्ट धरेल?”

“जाणारंच धरतं,” ती म्हणाली.

तो शिळेकडे नाही, तिच्याकडे बघत राहिला.

“सहा वाजता बंदरावर कॉफी. माफी म्हणून.”

“माफी कुणी मागायची?”

“ओरडलं कोण?”

“...येईन,” ती म्हणाली. मागे वळली तर दारात पानागोस उभा होता. हातातल्या दोन कपांतली कॉफी कधीच निवाली असावी. त्याने डबा घेतला, झाकण उचलून वास घेतला.

“लिंबू विसरलीस.”

“खाली आहे, बाबा. नीट बघ.”

सहा वाजता ती निळा झगा घालून बंदरावरच्या टेबलाशी बसली. साडेसात वाजता उठली. वाऱ्याने तिचे केस तोंडात जात होते आणि कॉफीवाला तिच्याकडे मुद्दाम बघत नव्हता.

घरी पानागोस पाव कापत होता.

“आला नाही ना?” त्याने पावाकडे बघतच विचारले.

“तुला कसं ठाऊक?”

“मीच सांगितलं त्याला. म्हटलं, हिचं ठरलंय. एका जहाजाच्या कप्तानाशी.”

“कप्तान?”

“पटकन तेच सुचलं.” त्याने सुरी खाली ठेवली. “दगडाची कामं करणारी माणसं, पोरी. आज इथं, उद्या रोड्स बेटावर. तुझी आई गेली तेव्हापासून दोन ताटांचं घर आपलं. मला एकट्याला जेवायला नाही जमणार गं.”

ती उठली, खोलीत गेली आणि कडी लावली. थोड्या वेळाने पावले दारापर्यंत आली. “स्मारो... रागावलीस?” तिने उत्तर दिले नाही. सकाळी पावले पुन्हा आली. “जातो मी. बोल ना काहीतरी.” ती छताकडे बघत पडून राहिली. दारावर बोटांचा हलकासा आवाज झाला, मग जिन्यावर बुटांचा.

दहाच्या सुमारास संग्रहालयात झाडलोट करणाऱ्या व्हासोचा फोन आला. पानागोस दालनातल्या खुर्चीत बसल्याबसल्याच गेला होता.

चर्चमध्ये लोक ओळीने शवपेटीपाशी येत होते, त्याच्या कपाळाचे चुंबन घेत होते, मग तिच्यापाशी थांबून सांत्वनाचे ठरलेले शब्द म्हणत होते. “तुला आयुष्य मिळो.” “तुला आयुष्य मिळो, पोरी.” त्या ओळीत स्ट्रातिसही आला. हात नीट धुतलेले, तरी नखांत पांढरे होतेच.

“तुम्हाला आयुष्य मिळो,” तो हळूच म्हणाला. “आणि... त्यांनाही.”

“कुणाला?”

“कप्तानांना.”

दोन पावलांवर पेटी उघडी होती. एक वाक्य पुरले असते. स्मारोने नुसती होकारार्थी मान हलवली, आणि तो पुढे सरकला. आठवड्याने शिळेचे काम संपवून तो रोड्सला निघून गेला.

नवव्या दिवशी, चाळिसाव्या दिवशी, मग दर वर्षी तिने गहू उकडले, साखर आणि डाळिंबाचे दाणे घातले, आणि ताट चर्चमध्ये नेले. ओंजळ ओंजळ घेताना लोक म्हणायचे, “देव त्याला क्षमा करो.” तीही म्हणायची. म्हणजे ओठ हलायचे, आवाज निघायचा नाही. तिची पुस्तके वाचलेली बुद्धी तिला सांगायची, हे नुसते म्हणायचे शब्द आहेत. पण मग ते बाहेर का पडत नव्हते?

तीन वर्षे झाली. लिमनारीच्या स्मशानात जागा थोडी आणि मरणारे पुष्कळ. तीन वर्षांनी माती आपले काम संपवते, मग माणसाची हाडे वर काढायची, दारूने धुवायची, लहान पेटीत ठेवायची आणि जागा दुसऱ्याला द्यायची. नगरपालिकेचा कागद आला, शनिवार ठरला. “भावाला एकदा नीट ठेवला, की हे दुखवट्याचे काळे कपडे उतरव हो,” कल्लिरोई आत्या म्हणाली. “कावळीण दिसतेस.”

सोमवारी स्मारो बाबाच्या जुन्या सोबत्यांना बोलवायला संग्रहालयात गेली. तीन वर्षांत पहिल्यांदा. शिळेपाशी कोणीतरी गुडघे टेकून बसले होते.

“हात लावू का?” स्ट्रातिसने विचारले. “की आधी ओरडणार?”

तिला हसू आले. इतक्या दिवसांनी आले की घसा दुखला.

“चीर पुन्हा उघडली,” तो म्हणाला. “माझंच काम कच्चं निघालं.” मग त्याची नजर तिच्या कपड्यांवर गेली. “अजून काळेच? कप्तान काय म्हणतात?”

“बुडाला.”

त्याचा चेहरा पांढरा पडला. “अरे देवा... मला खरंच—”

“कधी तरंगलाच नव्हता,” ती म्हणाली. “नव्हताच कुणी कप्तान.”

त्याने छिन्नी खाली ठेवली. फार हळू, जणू तिचाही आवाज होऊ नये.

“म्हणजे पानागोसकाकांनी... आणि तू चर्चमध्ये गप्प बसलीस?”

‘तुम्ही’चे ‘तू’ झाल्याचे दोघांच्याही लक्षात आले. कोणीच दुरुस्त केले नाही.

“खड्डा बुजायच्या आत बापाला खोटारडा ठरवू?”

“आणि मी तीन वर्षं प्रत्येक बंदरात कप्तान बघत फिरलो. म्हटलं, यातला कुठला तिचा?”

“मग? सापडला?”

“सगळे पोट सुटलेले निघाले. तेवढंच समाधान.”

त्या आठवड्यात रोज वाचनालय बंद व्हायच्या वेळी तो पायरीवर बसलेला असायचा. बंदरावरून घरापर्यंत दोघे सावकाश चालायचे. समुद्र शिशासारखा राखाडी असायचा, जाळी वाळत असायची, आणि दोघांपैकी एकाला काहीतरी सांगायचे राहून जायचे. बुधवारी उतारावर तिचा पाय घसरला. त्याने दंड धरला. घरी येऊन दिव्याखाली पाहिले, तर काळ्या बाहीवर पाच पांढरी बोटे उमटली होती. तिने ती झटकली नाहीत.

शुक्रवारी दारापाशी तो थांबला.

“रविवारची बोट आहे. रोड्सला चल माझ्याबरोबर. तिथंही वाचनालय आहे... पुस्तकं अगदीच भिकार आहेत, तुला ओरडायला भरपूर वाव मिळेल.”

ती हसली नाही. “उद्या बाबाला वर काढू दे. त्याआधी मला काही बोलता येणार नाही.”

“आणखी किती दिवस मी त्यांच्या परवानगीची वाट बघायची, स्मारो?”

“परवानगी नाही रे. माझंच एक राहिलंय...”

“काय?”

ती दाराकडे वळली. त्याने तिच्या खांद्यावरचा एक पांढरा कण बोटाने टिपला आणि निघाला. वळून म्हणाला, “उद्या येऊ?”

“आलास तर मागे उभा राहा.”

शनिवारी सकाळी आत्या दारूची सुरई आणि पांढरे कापड घेऊन आली. पाद्री आला, संग्रहालयातले दोघे पहारेकरी आले, व्हासो आली. खोदणारा फोटिस वरची फरशी उचलून आधी फावड्याने, मग खुरप्याने, मग हातांनीच माती काढू लागला. आत्या हलक्या आवाजात भावाशी बोलत होती, ये रे, ये माझ्या राजा, ऊन बघ...

फोटिसचे हात थांबले.

“कल्लिरोई,” तो म्हणाला, “झालं नाही अजून.”

कोट दिसत होता. कोटाच्या बाहीतून हात बाहेर आला होता, आणि तो हाडांचा नव्हता. स्मारोने पाहिले. नजर वळवायची तिची हिंमत झाली नाही.

“मातीनं घेतला नाही त्याला!” आत्याने सुरई खाली ठेवली. आवाज खणखणीत झाला होता. “कुणाचा तरी राग आहे माझ्या भावावर. कुणी माफ नाही केलं याला? बोला ना!”

“मी केलं,” एक पहारेकरी चटकन म्हणाला. “देव त्याला क्षमा करो.”

“मीही,” दुसरा म्हणाला.

“माझी छत्री नेली होती त्यानं,” व्हासो डोळे पुसत म्हणाली, “चांगली, लाकडी मुठीची. पण केलं बाई, तीही माफ केली.”

“आत्या,” मागून स्ट्रातिसचा आवाज आला, “इथली माती चिकण आहे. पाणी मुरत नाही. वरून अख्खी फरशी बसवलीत, हवा जायला जागा नाही. याच्यात कुणाचा राग वगैरे—”

“तू आपले दगड बघ!”

पण आपल्याला सुटायला त्याने वाट करून दिली आहे, हे स्मारोला कळले. चिकणमाती, पाणी, हवा. सगळे खरे होते. तिनेही हे कुठेतरी वाचले होते. त्या वाटेने निघून गेली असती तर कोणीच काही विचारले नसते.

पाद्रीने पुस्तक उघडले. “बुजवू या. दोन वर्षांनी पुन्हा बघू.”

दोन वर्षे. म्हणजे पुन्हा गहू, पुन्हा ओंजळी, पुन्हा नुसते हलणारे ओठ. रविवारची बोट जाईल. नंतरच्याही जातील. तो वाट बघेल, आणि मग एक दिवस बघणार नाही. फोटिसने फावडे मातीत खुपसले.

“थांब,” स्मारो म्हणाली.

ती खड्ड्याच्या काठावर गुडघ्यांवर बसली. काळ्या झग्याला ओली माती लागली. सगळे ऐकत होते, आत्या, पाद्री, तो.

“बाबा,” ती म्हणाली. आवाज फाटला, म्हणून तिने पुन्हा हाक मारली. “बाबा, मी जागी होते. रात्रीही, सकाळीही. तू दाराशी आलास ते ऐकलं मी, आणि मुद्दाम बोलले नाही. तुला दुखावं म्हणून.”

आत्याने तोंडावर हात ठेवला.

“तू खोटं बोललास ना, तो मला आवडला होता म्हणून. तुला कळलं होतं, माझ्याही आधी. हा इथं मागे उभा आहे, त्याला मी अजून सांगितलेलं नाही. तुलाच आधी सांगते. मला तो फार आवडतो, बाबा. उद्या मी त्याच्याबरोबर जाणार आहे.”

तिने हात पुढे केला, कोटाच्या बाहीवर ठेवला, आणि तसाच राहू दिला.

“माफ केलं तुला. ऐकतोयस ना? मी, स्मारोनं... माफ केलं.”