जांभळ्या दोऱ्याचं शटल

कमळाकरकाका पनवेलात शर्ट शिवतात. रात्री दुकान मिटलं की वडाळे तळ्याच्या कट्ट्यावर येऊन बसतात. त्या रात्री मी आणि प्रितम आधीच तिथे होतो. प्रितम त्याच्या मित्राच्या नव्या गाडीबद्दल बोलत होता. गाडी कशी भारी आहे आणि ती त्या मित्राला कशी शोभत नाही, हे त्याचं बराच वेळ चाललं होतं. काकांनी ऐकून घेतलं. मग पिशवी मांडीवर घेत म्हणाले, "काशिरामचं सांगतो. माझ्या ओळखीतला माणूस. बनवलेलं काही नाही यात."

मग ते जे बोलले ते असं.

कोळीवाड्यातला काशिराम आणि मोहल्ल्यात दुकान असलेला यासीन. दोघांना एकच वेड, जुन्या शिलाई मशिनी. भंगारातून उचलायच्या, रॉकेलने गंज सोडवायचा, तेल द्यायचं, मोडका भाग कुठून तरी पैदा करायचा. शंभर वर्षांची मशीन पुन्हा टाका घालायला लागली की दोघं लहान पोरांसारखे हसायचे. वीस वर्षांची दोस्ती. काशिरामकडे मशिनी जास्त होत्या. पण लोक बघायला यायचे यासीनच्या. कारण यासीनने हात लावलेली मशीन अशी चालायची की ऐकत बसावं. काशिरामची चालायची, पण खडखडायची. आणि हे काशिरामला कळायचं. कळलं नसतं तर सुखात राहिला असता.

जासईला गोदूबाई होती. म्हातारी, घरात ती आणि सून शोभा, एवढंच. मी शिवण शिकलो ते तिच्याकडे. तिची मशीन जर्मन, हाताने फिरवायची. आपल्या आत्ताच्या मशिनीत बॉबिनची गोल डबी असते. हिच्यात बोटाएवढं शटल होतं, होडीसारखं, दोन्ही टोकांना निमुळतं. खालचा दोरा त्या होडीत. ते शटल गेलं की मशीन म्हणजे नुसतं लोखंड, कारण तसलं आता कुठेच मिळत नाही.

गोदूबाईला त्या मशिनीला दुसऱ्याचा हात खपायचा नाही. सुनेने एकदा फडकं मारलं, तर म्हातारी दोन दिवस जेवली नाही.

काशिराम सहा वर्षं तिच्याकडे सुके बोंबील घेऊन जायचा. करंजा बंदरावरचे, निवडलेले. एकदा तिची पाठ वळली तसं याने चाक फिरवून बघितलं. उलटं फिरवलं. आत दोरा गुंतला.

"उलटा फिरवलास? ऊठ तिथनं," म्हातारी म्हणाली. "परत हात नाय लावायचा."

यासीन जायचा तो नुसता बसायचा. ती शिवायची, हा डोळे मिटून ऐकायचा. मशीन दे असं कधी म्हणाला नाही.

दोन हजार बावीसच्या नोव्हेंबरात, सुरुवातीलाच, गोदूबाई गेली. तेरावं झाल्यावर शोभाचा यासीनला फोन आला. काशिराम तिथेच बसला होता. सासू सांगून गेलीय, मशीन यासीनभाईला द्यायची.

"बोंबील माझं खाल्लन्," काशिराम म्हणाला, "नि मशीन तुला!"

यासीन हसला. "अरे, तुझं-माझं वेगळं आहे का काशा?"

"नाय ना. म्हणून तर मीच घेऊन येतो. तुझी कंबर धरलीय. तू दुकानातच थांब."

तारीख सतरा. गुरुवार. काशिराम स्कूटर घेऊन जासईला गेला. शोभाने मशीन गोणपाटात गुंडाळून दिली. म्हणाली, "भाऊ, सुईखालची चिंधी काढू नका हां. ती यासीनभाईनंच काढायची, असं सासू बोललीय."

काम संपलं की आम्ही मशिनीच्या पायाखाली चिंधी ठेवतो, नाहीतर सुईजवळचा पाय खालच्या दात्यांवर घासतो. ते सगळेच करतात. पण गोदूबाईचा स्वतःचा एक नेम होता. ठेवलेली चिंधी जो काढेल, मशीन त्याची.

काशिरामने मान हलवली. रात्री नऊ वाजता निघाला. मशीन मागच्या सीटवर, ट्यूबने आवळलेली. गव्हाण फाट्याला चहाला थांबला. रस्त्याच्या कडेला ट्रेलर उभे होते, एकामागे एक. चहा पिता पिता याची नजर गोणपाटावर. शेवटी कप ठेवला आणि गोणपाट थोडं बाजूला केलं. चिंधीला हात लावला नाही. तेवढा शब्द पाळला. पण सुईच्या बाजूची पत्र्याची पट्टी सरकवली, आणि आतलं शटल काढून घेतलं.

"विकायला?" प्रितमने विचारलं.

"विकून काय करणार होता? त्याला ते नकोच होतं. यासीनला मिळू नये, एवढंच."

शटलात जांभळा दोरा होता. गोदूबाईच्या शेवटच्या कामाचा. याने ते शर्टाच्या खिशात टाकलं आणि पट्टी बंद केली.

स्कूटर सुरू केली. थोडं पुढे आला तर मागून खटखट. त्याला वाटलं, रस्ता खराब आहे, मशीन हलतेय. पण रस्ता गुळगुळीत होता. आणि हलणारं लोखंड कसंही वाजतं. हे एका चालीत वाजत होतं. लांब शिवण. मग थांबणं. कोपरा वळवल्यासारखं… आणि पुन्हा लांब शिवण.

याने ब्रेक मारला. आवाज बंद.

उतरून बघितलं. ट्यूब घट्ट, गोणपाट घट्ट. फक्त आतलं चाक… हाताला कोमट लागलं.

दहा वाजता यासीनच्या दुकानात पोचला. यासीनने टेबलावर चादर अंथरून ठेवली होती. मशीन ठेवली, बिस्मिल्ला म्हणून गोणपाट सोडलं. किती वेळ नुसता बघत होता. चिंधी काढली नाही. म्हणाला, "उद्या जुम्म्याच्या नमाजनंतर काढेन." मग फक्त शटल बघायला म्हणून पट्टी सरकवली.

"काशा… शटल?"

"शोभा बोलली, मागंच हरवलंय."

यासीन खाली बसला. काशिरामने मला नंतर सांगितलं, कमळाकर, त्याचं ते तोंड बघून मला वीस वर्षांत पहिल्यांदा गोड वाटलं. खरंच गोड.

शटर ओढलं, कुलूप लागलं. किल्ली यासीनच्या खिशात. काशिराम घरी निघाला, पण घरी जाववेना. गाढी नदीकडे गेला, पुलाजवळ गाडी लावून बसला. मनात एकच विचार. फेकून द्यावं पाण्यात. म्हणजे कधीच नाही मिळणार.

बारा वाजायला आले होते.

खट.

याने मागे बघितलं. सीट रिकामी. मशीन तर दुकानात, कुलपात.

खट… खट…

मागून नव्हतं. बाजूने नव्हतं.

हा उठला. आवाजही उठला.

खट… खट… खट…

समोरून येत होता. नाही. समोरूनही नाही. जवळून. फार जवळून. छातीवर काहीतरी टोचलं. बारीक. पुन्हा टोचलं. एका रेषेत पुढे सरकत…

याने खाली बघितलं नाही. बघवलं नाही.

आवाज थांबला. कोपरा वळवताना थांबतो तसा.

आणि पुन्हा…

काका इथे थांबले. तळ्याच्या पलीकडे एक रिक्षा गेली.

साडेबाराला माझं दार वाजलं. उघडलं तर काशिराम. दोन्ही हात लांब धरलेले, स्वतःच्या अंगाला लागू नयेत असे. मला म्हणाला, "कमळाकर… उसव."

मी दिव्याखाली बघितलं. खिशाचं तोंड शिवलेलं. जांभळा दोरा, बारीक टाका, शेवटी कापड फिरवून तीन टाके उलटे घेतलेले. पोरांनो, मशीनवर शेवट असा करणारी बाई मी एकच बघितली. तिनेच मला शिकवलं, आणि मला कधी तिच्यासारखं जमलं नाही.

मी धंदेवाला माणूस. अंगातल्या शर्टाला मशीन मारता येत नाही. मारायची तर सुईखाली छातीच ठेवावी लागेल.

मी कात्री उचलली नाही. म्हटलं, "यासीनला सांग. सकाळी जा, पाय धर, आणि सांगून टाक." तो रडला. हो म्हणाला. शर्ट डोक्यावरून काढला आणि माझ्याकडेच ठेवला. छातीवर एका ओळीत लाल ठिपके होते.

शुक्रवारी दुपारी आम्ही दोघं यासीनकडे गेलो. वाटेत काशिराम तीच वाक्यं पुटपुटत होता. माझ्या हातून चूक झाली. जळलो मी. माफ कर. शर्ट माझ्या पिशवीत होता.

दुकानाच्या बाहेरच आवाज आला. मशीन चालू होती. असा आवाज मी यासीनकडेही कधी ऐकला नव्हता.

"काशा, ये!" यासीन ओरडला. "आंधळे झालो का रे आपण काल? चिंधी काढली, पट्टी सरकवली, तर शटल आत! जांभळा दोरा भरलेला! शोभालाही माहीत नसेल!" आणि त्याने काशिरामला मिठी मारली. "तू आणलीस म्हणून मिळाली."

काशिराम तोंड उघडून उभा. पण बोलणार काय? चोरलेली वस्तू जागेवर होती. माफी मागायलाही काही शिल्लक ठेवलं नव्हतं म्हातारीने.

तो बोलला नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. वर्षभरात करंजाला भावाकडे गेला राहायला. त्याच्या सगळ्या मशिनी यासीनला देऊन. यासीन अजून विचारतो, काशा माझ्यावर कशाला रागावला असेल?

काकांचं सांगणं संपलं.

प्रितम हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "म्हणजे शटल मशिनीत परत गेलं. खिसा रिकामाच शिवला तिने."

"मलाही तसंच वाटलं होतं," काका म्हणाले. त्यांनी मांडीवरची पिशवी उघडून एक घडी केलेला निळा शर्ट काढला आणि आमच्या मधे कट्ट्यावर ठेवला. खिशाच्या तोंडावर जांभळी ओळ होती. "बाहेरून चाचपा. यासीनची मशीन आजही चालते, तिच्यातलं शटल मी डोळ्यांनी बघितलंय."

प्रितमने बोट लावलं आणि लगेच हात मागे घेतला. मग मी लावलं.

आत काहीतरी होतं. कडक, बोटाएवढं. दोन्ही टोकांना निमुळतं.