झाकण पुन्हा तुटलं

गोरेगावच्या आठवडी बाजारात दुर्गेश्वरी वालाच्या शेंगा निवडत होती, तेवढ्यात एक पांढरं झाकण उडून थेट तिच्या पिशवीत पडलं. तिनं वर पाहिलं. समोर एक उंच तरुण — एका हातात छोट्या यंत्राची उघडी डबी, दुसऱ्यात तुटलेला रबरबँड, आणि चेहरा चोरी पकडल्यासारखा.

"ते झाकण... माह्यं आहे जी."

"यंत्राले रबरबँड काऊन लावून राहिले तुमी?"

"स्क्रू होते. धानाच्या ढिगात पडला का गेला!"

त्याचं नाव योगराज. धानाचा ओलावा मोजणारं छोटं यंत्र त्यानं स्वतः जुळवलं होतं, फक्त त्याला धड डबी नव्हती. आणि दुर्गेश्वरी बसस्टँडमागच्या खोलीत थ्रीडी प्रिंटर मांडून प्लास्टिकच्या वस्तू छापून देणारी! आता याला योगायोग म्हणा, नाहीतर आणखी काही.

"झाकणालेच क्लिप काढून देते," ती म्हणाली. "दाबलं का टक् करून बसन."

पहिलं झाकण तिनं घाईत उभं छापलं आणि क्लिप प्लास्टिकच्या दोन थरांमधून सुटून आली. ती चूक तिचीच. मग तिनं क्लिप आडवी छापली, लांब केली, बुडाशी गोलाई दिली. दर वेळी दोन झाकणं द्यायची, एक जोडीला असावं म्हणून. तरी योगराज दारात हजर... हातात तुटकी क्लिप.

"पुन्हा तुटलं जी."

त्या दुपारी मात्र मोठ्या गोड होत्या. प्रिंटर गुणगुणत असायचा, खिडकीतून कलतं ऊन टेबलावर उतरायचं, त्याच्या शर्टाला नव्या धानाचा वास यायचा. झाकण देताघेता बोटं लागायची आणि दोघंही उगाच प्रिंटरकडे पाहायची. पडद्यावर क्लिपची गोलाई काढताना तिच्या मनात त्याचं हसू यायचं, आणि रेघ भलतीकडेच जायची!

पण घरी बाबांनी, शालीकरामांनी, स्पष्ट सांगितलं होतं — हे काम जमलं तर दुकान ठेव, नाहीतर नागपूरच्या कंपनीत नोकरीला जा. क्लिप तुटतच राहिली. आपल्याला हे जमत नाही, असं तिला वाटू लागलं. शेवटी जड मनानं तिनं कंपनीला होकार कळवला.

दुसऱ्या दिवशी योगराज आला. तिनं तुटकी क्लिप उजेडात धरली आणि थबकली. वाकून मोडणारी क्लिप बुडाशी मोडते. ही मधोमध तुटली होती, आणि दोन्ही बाजूंना पकडीचे बारीक दात उमटले होते.

"योगराजजी... हे पकडीनं मोडलं?"

तो उगाच प्रिंटरकडे पाहू लागला.

"बोला नं!"

"पहिली खरंच तुटली होती. बाकीच्या... मीच मोडल्या." तो खाली पाहत म्हणाला. "चांगलं झाकण घेऊन आलो असतो, तं काय सांगून बसलो असतो इथं?"

"आन् मी नागपूरले होकार देऊन बसली!" तिचा आवाज फुटला. "मले वाटे, माह्याच हातात काही नाही!"

त्यानं घाईघाईनं पिशवीतून यंत्र काढून तिच्यापुढे ठेवलं. डबी धुळीनं माखलेली, कोपरे घासलेले.

"हे दुसऱ्या वेळचं, जोडीचं झाकण. आमच्या खळ्यात सारे येऊन उघडतेत, लावतेत. अजून हललं नाही."

तिनं झाकण उघडलं, लावलं. टक्! पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. राग होता, पण त्या रागातच तिला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. काम जमलं होतं. कधीचंच जमलं होतं. आणि हा वेडा माणूस तिला आवडत होता, हेही काही आजचं नव्हतं.

तिनं कंपनीला फोन लावला. "नमस्कार... नाही, मी येत नाही. हो, पक्कं."

फोन ठेवून ती त्याच्याकडे वळली.

"उद्या सकाळी घरी या. बाबा असतीन."

"यंत्र दाखवाले?"

"यंत्र मी दाखवीन. तुमी रिकाम्या हातानं या."

"आन् बाबानं इचारलं, काऊन आला, तं?"

दुर्गेश्वरीनं ओढणीच्या टोकानं डोळे पुसले.

"तं खरं सांगजा," ती म्हणाली. "मी दाराशीच उभी राहीन."