शेवटच्या माणसाची बाटली

चिखलाने माखलेली एक सायकल तिच्यासमोर येऊन थांबली आणि सायकलवरच्या माणसाने विचारलं, "कुणाची वाट बघताय?"

"बहिणीची," ती म्हणाली. हातातली बाटली तिने तशीच पुढे धरलेली होती... गेली पंचवीस मिनिटं.

"माझ्यामागे कुणी नाही. मी शेवटचा."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. अंगात नारिंगी जाकीट, गळ्यात खुणेच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा भला मोठा गुंडाळा, नाकावर चिखलाचा ठिपका. शर्यतीत हरलेल्या माणसाचं तोंड कसं उतरलेलं असतं! हा तर खुशाल हसत होता.

"मी शर्यतीत नाही हो," तिच्या मनातलं ओळखून तो म्हणाला. "सगळ्यांच्या मागून यायचं. कुणी पडलंय का, कुठे अडकलंय का ते बघायचं, झाडांना बांधलेल्या पट्ट्या सोडत यायचं. झाडून काढतो म्हणा ना. सगळे मला झाडूदादा म्हणतात."

"मग झाडूदादा, माझी बहीण –"

"निळं हेल्मेट? दोन वेण्या?"

"हो!"

"टायर फाटला तिचा, मधल्या चढावर. सायकल खांद्यावर मारून मघाशीच गाडीकडे गेली." तो जरा थांबला. "तुम्हाला... कुणी सांगितलं नाही?"

नव्हतं सांगितलं. मुद्दाम नव्हे, राहून गेलं असणार. त्यांच्या घरात ती खांबासारखी होती. सगळ्यांचा भार तिच्यावर, आणि खांबाला काही कुणी जाऊन सांगत नाही, की बाई गं, झालं, आता बस जरा.

डोळ्यांत पाणी येतंय असं वाटताच तिने बाटली त्याच्यापुढे केली. "घ्या. नाहीतर ओतूनच द्यायची आहे."

त्याने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "मीठ सांडलंय यात."

"सांडलेलं नाही. अर्ध्या लिटरला पाऊण ग्रॅम. तीस ग्रॅम साखर. तराजूवर मोजून. बहिणीच्या घामात किती मीठ जातं, ते तपासलंय मी."

"अरे बापरे! माझाही घाम तपासा की कधीतरी."

"पहिल्याच भेटीत?" ती बोलून गेली, आणि मग कानापर्यंत लाल झाली. "बरं, येते मी, झाडूदादा."

"एक विनंती," तो मागून म्हणाला. "दादा सगळे म्हणतात. तुम्ही आपलं नुसतं झाडू म्हणा. चालेल मला."

गाडीपर्यंतची वाट चढाची होती. ती हसत चढली, हे तिलाही वर पोहोचल्यावर कळलं.

त्यांच्या घरात वर्ष बारा महिन्यांचं नसायचं, सहा शर्यतींचं असायचं. मधले सगळे शनिवार-रविवार सरावाचे. पाच वाजता गजर, साडेपाचला गाडीच्या मागच्या दाराचा धाडकन आवाज, मग दोन सायकली, हवेचा पंप, टॉवेल, ट्यूबा, बदलायचे मोजे. शर्यत धाकटीची, ती सतरा वर्षांची होती आणि चढावर तिच्या मागे लागणं म्हणजे चेष्टा नव्हती. सायकली बाबांच्या ताब्यात. ते लिफ्ट दुरुस्त करायचे आणि कुठल्याही यंत्राचा आवाज ऐकून त्याचं दुखणं सांगायचे. वेळ लिहायचं काम आईचं. आई नर्स होती, वॉर्डात ताप लिहावा तशी ती फेऱ्या लिहायची – आकडा, मिनिट, शेरा.

आणि बाटल्या ताईच्या. म्हणजे तिच्या.

सोमवार ते शुक्रवार ती पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नमुने तपासायची. शनिवारी घरच्या ओट्यावर मीठ-साखर तोलायची. रविवारी दोन पिवळ्या खांबांच्या मध्ये, त्या पन्नास पावलांत उभी राहायची. बाटली देता येते ती तेवढ्याच जागेत, बाहेर दिली तर स्पर्धक बाद. धावत्या सायकलस्वाराच्या हातात बाटली देणं सोपं नसतं. दोन बोटांत, वरून धरायची आणि बरोबर वेळेला सोडायची. सहा वर्षांत तिच्या हातून एकही बाटली पडली नव्हती.

पूर्वी ती स्वतःही शर्यतीत उतरायची. मग परीक्षेच्या वर्षी सोडलं. बाबा काही बोलले नाहीत, पण तीन दिवस त्यांनी सायकलींना हात लावला नाही. ते तीन दिवस ती अजून फेडत होती, रविवारी-रविवारी.

दुसऱ्या शर्यतीला तिने एक बाटली जास्त भरली. का, ते स्वतःलाही विचारलं नाही. धाकटी पोहोचली, तिच्या अंगावर जाकीट घातलं, आणि ताई म्हणाली, "मी खालच्या रिकाम्या बाटल्या घेऊन येते हं."

रिकाम्या बाटल्या तीन होत्या. झाडू चौथा.

"आज मीठ कमी आहे," तो घोट घेऊन म्हणाला.

"तुम्ही इतक्या हळू येता, तुम्हाला घाम कसला येणार?"

"हळू येण्याला कष्ट पडतात, मॅडम. पुढच्याला वाटता कामा नये, की मी त्याला ढकलतोय. मागच्या वर्षी एक काका होते शेवटी. म्हणाले, तू गेलास तरी चालेल, मी रमतगमत येतो. दीड तास आम्ही त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनवर बोललो."

तिला हसू आवरेना. तो चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत भिंगं घासायचा. दिवसभर पाण्याची धार, चाकाची घरघर, आणि कुणाच्या तरी डोळ्याचा पाव नंबर. "आठवडाभर जवळचं बघून डोळे आंबतात," तो म्हणाला. "म्हणून रविवारी लांबचं बघायला येतो. तर इथेही पट्ट्यांच्या गाठीच बघत बसायच्या!"

तिसऱ्या शर्यतीला धुकं होतं. तो दिसायच्या आधी त्याच्या सायकलच्या साखळीचा कुरकुर आवाज आला, आणि तिच्या छातीत काहीतरी उगाच जोरात वाजलं. तिने मनगटावर बोटं ठेवून मोजलं. एकशे आठ. उभ्या उभ्या एकशे आठ! तिने शास्त्रशुद्ध विचार केला – चहा जास्त झाला असेल.

चौथ्या शर्यतीला ती बसलेली होती. पहिल्यांदाच. पिवळ्या खांबाला पाठ टेकून, मांडीवर त्याची बाटली घेऊन. तो आला, सायकल आडवी टाकली आणि शेजारी बसला.

"दमलात?" त्याने विचारलं.

साधाच प्रश्न. पण गेल्या किती रविवारांत तो तिला कुणी विचारला नव्हता, ते तिला आठवेना.

"फार," ती म्हणाली. "म्हणजे... हात-पाय नाहीत दमले. ते कुठलं दमणं, ते सांगता येत नाही. झोपून उठलं तरी जात नाही."

"सगळ्या शर्यती संपल्या की काय करणार?"

"झोपणार."

"मग?"

"उठून परत झोपणार."

"मलाही घ्याल का त्यात?" आणि मग घाईघाईने, चिखलाच्या आतून लाल होत, "म्हणजे – तसं नाही! म्हणजे, एक रविवार. काहीच न करण्याचा. सायकल नाही, पट्ट्या नाहीत, मीठ नाही. दुकानामागे एक बाक आहे, ऊन येतं तिथे. बसायचं फक्त."

"बसून?"

"काही नाही."

तिने बाटली त्याच्या हातात दिली. दोन बोटांत, वरून. पण वेळेला सोडली मात्र नाही. त्याची बोटं बाटलीवर, तिची बोटं बाटलीवर... मधून थंड पाणी डुचमळत राहिलं.

"तू म्हणालात तरी चालेल," ती म्हणाली, आणि गोंधळून हसली. "म्हणजे... मला. तू."

"तूही म्हण मग," तो म्हणाला.

पाचव्या शर्यतीनंतर गाडीत धाकटी मागच्या सीटवर पाय पसरून म्हणाली, "ताई, तीन बाटल्या उचलायला तुला इतका वेळ का गं लागतो? झाडून घेतेस की काय तिथली जागा?"

"गप्प बस."

"नाही, मदत करायला असेल ना कुणी. झाडायला."

बाबा इंजिनाचा आवाज ऐकत होते, त्यांना दुसरं काही ऐकू येत नसे. आईने मात्र, मान न वळवता, मांडीवरची वही उघडली. "दुसरी शर्यत, सहा मिनिटं," तिने वाचलं. "तिसरी, अकरा. चौथी, एकोणीस. आजची, सव्वीस." वही मिटली. "चढतंय."

ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. वॉर्डातल्या रोग्याला असंच वाटत असणार – आपलं आपल्याला कळायच्या आधीच तक्त्यावर सगळं लिहिलेलं!

सहावी शर्यत. धाकटी पहिल्या तीनांत आली तर पुढच्या वर्षी वरच्या गटात, एवढाच हिशेब होता. धाकटी तिसरी आली. शेवटच्या उतारावर ती अशी सुटली, की बाबांनी डोळे मिटून घेतले आणि नुसता चाकांचा आवाज ऐकला. मग ते धाकटीला उचलून गोल फिरले, आईने लिहिता लिहिता नाक पुसलं, आणि ताईने धाकटीच्या अंगावर जाकीट घातलं. तिलाही आनंद झाला होता, अगदी खरा. पण त्या आनंदाच्या तळाशी दमणं तसंच बसलेलं होतं, कपात साखर राहते तसं, न विरघळलेलं.

आणि तेवढ्यात बाबांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"वरचा गट म्हणजे दहा शर्यती," ते म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "थांबून चालणार नाही. पुढच्याच रविवारपासून सुरुवात!" कागदावर रकाने आखलेले होते. बावन्न रविवार. प्रत्येकापुढे, त्यांच्या सुबक अक्षरात – बाटल्या : ताई. बाटल्या : ताई. बाटल्या : ताई.

"मी रिकाम्या घेऊन येते," ती म्हणाली, आणि निघाली.

तो आला तेव्हा ती पिवळ्या खांबाजवळ उभी होती. त्याने तिचा चेहरा पाहिला आणि बाटली मागितली नाही.

"बावन्न," ती म्हणाली. "सगळे रविवार लिहून झालेत, झाडू. बाकावर बसायला एकही उरला नाही."

"मी बोलू त्यांच्याशी?"

"नको." ती स्वतःच चकित झाली, किती पटकन म्हणाली ते. "मलाच बोलायचंय. फक्त... तू चल बरोबर. मागून. पडले तर बघायला."

"ते माझं कामच आहे," तो म्हणाला.

मग दोघं उरलेली वाट चालत आली. तो एका हाताने सायकल ढकलत होता. झाडांच्या पट्ट्या ती सोडत होती. ओल्या गाठी, घट्ट. मध्येच एका गाठीशी ती थांबली आणि पाठमोरीच म्हणाली, "तुझ्यासाठी बाटली भरते ना, तेव्हा तराजू लागत नाही मला. अंदाजाने टाकते. असं मी कुणासाठी करत नाही."

मागे साखळीची कुरकुर थांबली.

"मी दुसऱ्या शर्यतीपासून," तो हळूच म्हणाला, "शेवटच्या माणसाला जरा घाई करायला लागलो होतो. ते काका ओरडले माझ्यावर."

ती वळली. त्याच्या नाकावर चिखलाचा तोच ठिपका होता – निदान तिथेच. तिने तो अंगठ्याने पुसला.

गाडीपाशी बाबा सायकली बांधत होते.

"बाबा, पुढच्या रविवारी मी येणार नाही."

"का गं? कुठे जायचंय?"

"कुठेच नाही."

"मीही तिथेच जाणार आहे," मागून झाडू म्हणाला.

धाकटीने तोंडात टॉवेल कोंबला. बाबांनी त्या नारिंगी जाकिटाकडे पाहिलं, मग लेकीकडे. खूप वेळ. बंद पडलेल्या लिफ्टकडे ते असंच बघायचे, पाना हातात घ्यायच्या आधी.

"तू दमलीस?" त्यांनी विचारलं.

तिने मान डोलावली.

"मग आवाज का नाही केलास? अगं, बंद पडायच्या आधी लिफ्टसुद्धा कुरकुरते. तू कधीच..." ते थांबले. "मला वाटायचं, तुला आवडतं."

"आवडायचं, बाबा. तुम्हाला वाईट वाटू नये, हेही वाटायचं."

त्यांनी कागद बोनेटवर पसरला. पेन्सिल आईने न मागता दिली. ते पहिल्या ओळीपुढचं नाव खोडायला गेले, मग एकेक कशाला म्हणून वरपासून खालपर्यंत एकच उभी रेघ ओढली.

"मग बाटल्यांचं काय?" ते जरा हताशपणे म्हणाले.

"मी देईन," आई म्हणाली. "तेहतीस वर्षं औषधं दिलीत वेळेवर. बाटली काय मोठी?" आणि झाडूकडे वळून, "तुम्ही इकडे या जरा. एक काम आहे तुमच्याकडे."

पुढच्या रविवारी गजर झाला नाही. दुकानामागच्या बाकावर खरंच ऊन होतं. समोर भिंत, भिंतीवर वाळत घातलेली दोन फडकी. ती बसली. तो बसला. ठरल्याप्रमाणे दोघांनी काहीच केलं नाही. मग तिची मान हळूहळू कलली आणि त्याच्या खांद्यावर टेकली. तो हलला नाही.

ती जागी झाली तेव्हा ऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला गेलं होतं. तो मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता, आणि गुडघ्यावरच्या चिठोऱ्यावर काहीतरी लिहीत होता.

"काय करतोयस?"

"एक तास बावीस मिनिटं." त्याचा खांदा पार आखडला होता, तरी तो हसत होता. "तुझ्या आईने सांगितलंय. झोपली तर लिहून आण."