फळ्यावरचा खुनी

लाईट गेली तेव्हा पडद्यावर घड्याळजी हात धूत होता आणि माझ्या पायावर कोणाचा तरी पाय होता.

“पाय काढा,” मी म्हणाले.

“तुमचा आहे व्हय? मी खुर्चीचा समजलो.”

आवाज ओळखला. विश्वंभर. पुसेगावचा. इथं जवळा बाजारला चार पोरांत एक खोली घेऊन राहतो आणि मी नोकरी करते त्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत खिडकीजवळ बसून परीक्षेची तयारी करतो. माझं नाव मनकर्णा, आजीवरून ठेवलेलं, पण ते घेतं कोण? अभ्यासिकेतली झाडून सगळी पोरं मला ‘ताई’ म्हणतात. ह्या एकानं सहा महिन्यांत मला कशानंच हाक मारली नव्हती. टेबलासमोर यायचा, खाकरायचा, पुस्तक पुढं करायचा. मला वाटायचं, शिष्ट आहे मेला.

सिनेमा होता आमच्याच वाचनालयातल्या एका जुन्या रहस्यकादंबरीवरचा. तिची बांधणी तीनदा झाली, एवढी ती हातोहात फिरलेली. अध्यक्ष शेषरावकाकांनी रीतसर परवानगी काढून दोन खेळ ठेवले होते. आजचा सभासदांसाठी, उद्याचा बाजाराला येणाऱ्या बायांसाठी.

“खुनी कोण असंल?” अंधारात त्यानं विचारलं.

“बहीण.”

“तुमी पुस्तक वाचलं न्हाई?”

“ते कपाटात राहतं कधी? माझ्या हाताला लागलंच नाही.”

“पण ती बहीण तर सारखी रडून राहिली.”

“म्हणूनच.”

“म्हणजे रडणाऱ्यावर तुमचा भरवसा न्हाई.”

“गप्प बसणाऱ्यावर तर अजिबात नाही,” मी म्हणाले.

तो हसला... हळूच, नाकातल्या नाकात. खरं सांगते, मला ते हसणं आवडलं, आणि आवडलं याचा रागही आला. मी उठून आतल्या खोलीत इन्व्हर्टर बघायला गेले. वायर सैल झाली होती. हातानं दाबून धरली की सिनेमा चालायचा, सोडली की बंद. मग काय, शेवटची पंधरा मिनिटं मी वायर धरून उभी. टाळ्या ऐकू आल्या, शेवट काही दिसला नाही.

कुलूप लावताना तो पायरीवर थांबलेला. सिनेमावरच्या अभिप्रायाची चिठ्ठी सगळ्यांसारखी दारातल्या पेटीत न टाकता त्यानं माझ्या हातात दिली. बोटं थंड होती त्याची.

“हे... वाचा,” म्हणाला आणि गेला.

घरी जाऊन मी ती चिठ्ठी किती वेळा वाचली ते विचारू नका. “पुस्तकात घड्याळजी खुनी निघतो तेव्हा त्याचा राग येतो. सिनेमात त्याची कीव येते, कारण हात धुताना त्याची बोटं थरथरतात. इथं सिनेमा पुस्तकाच्या पुढं गेला.” बाकीच्या चिठ्ठ्यांत काय होतं? गाणी कमी आहेत, पुस्तकातला घड्याळजी म्हातारा होता तर इथं देखणा काहून केला, पंख्याचा आवाज फार.

आमच्या वाचनालयाची एक रीत आहे. उत्तम अभिप्राय दारातल्या फळ्यावर लागतो आणि तो ज्याचा त्यानं स्वतःच्या हातानं लिहायचा, खाली नाव घालायचं. मोठा मान समजतात त्याला. पण सकाळी तो आलेला नव्हता, बाजार भरत आला होता, आणि मला त्याचं नाव त्या फळ्यावर बघायची घाई झाली होती. मीच खडू घेतला. शब्द न् शब्द उतरवला, खाली ‘विश्वंभर’ लिहिलं. तीन वर्षांत किती पुस्तकांचे शेवट त्या फळ्यावर लागले असतील, कोणी कधी ओरडलं नाही. आज बाया हा सिनेमा पहिल्यांदाच बघणार आहेत, हे मला सुचलंच नाही.

दुपारी बाया आल्या, फळा वाचला, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना बाकीच्यांनी वाचून दाखवला. निम्म्या दारातूनच परत गेल्या. “खुनी कळला तर बघायचं काय?” असं म्हणत गेल्या.

सिनेमा संपल्यावर शेषरावकाकांनी दार लावलं. आत उरलेल्या बाया, अभ्यासिकेतली पोरं, आणि मधोमध विश्वंभर. हुबेहूब सिनेमातला शेवटचा प्रसंग म्हणावा तर दारावर बसल्यामुळं तो मी आजही पाहिलेला नव्हता.

“फळ्यावर नाव तुझं?” काकांनी विचारलं.

त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं. लगेच नजर खाली.

“व्हय.”

“मग हा शहाणपणा तूच केला. लोकांची मजा घालवली, वाचनालयाची इज्जत घालवली. उद्यापासून अभ्यासिकेत पाय ठेवायचा न्हाई.”

त्याची परीक्षा बावीस दिवसांवर होती. त्याच्या राहत्या खोलीत चार पोरं, एक टीव्ही. तो कुठं बसणार होता? आणि एक तारखेला कमिटी बसणार होती, मला कायम करायचं का नाही ते ठरवायला. तीन वर्षं मी त्या तारखेची वाट बघितली होती. गप्प राहिले असते तर माझं सगळं नीट झालं असतं. तो तर गप्पच होता.

माझा हात टेबलाच्या खणात गेला. चिठ्ठी काढली, आणि तेव्हा पहिल्यांदा ती उलटली. मागं बारीक अक्षरात लिहिलं होतं, “हे फळ्यासाठी नाही. तुम्ही वायर धरून उभ्या होत्या, तुमचा शेवट राहिला, म्हणून.”

मी चिठ्ठी काकांपुढं धरली.

“काका, फळ्यावर ते मी लिहिलंय,” मी म्हणाले. “त्यानं मला एकटीला वाचायला दिलं होतं. मागं तसं लिहिलंही होतं, मी बघितलं नाही. चूक माझी आहे.”

“ताई, एक तारखेला कमिटी आहे. ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे.”

मग मागून सोजराबाई उठल्या. बाजारात हळद विकतात त्या.

“मला तर खुनी आधीच कळला व्हता. मंग मी सारा येळ त्याच्या हाताकडंच बघत बसले. लई मजा आली. माझाबी अभिप्राय लिवून घ्या.”

पोरं हसली. काकांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

“परत गेलेल्या बायांसाठी पुढच्या बाजारी पुन्हा खेळ लावायचा. फुकट. सगळी धावपळ ताईनं करायची,” काका म्हणाले. “कमिटीला काय सांगायचं ते मी बघतो. आन् तू रे, जाऊन अभ्यासाला बस. त्याच्या आधी ताईचे आभार मान.”

विश्वंभर टेबलासमोर आला. त्याची बोटं थरथरत होती.

“आभार मानतो, काका. पण... ताई न्हाई म्हणणार.”

माझे कान तापले. सोजराबाईंनी पदर तोंडाला लावला.

“मग काय म्हणणार?” काकांनी विचारलं.

तो सहा महिने खाकरत होता तसाच खाकरला.

“मनकर्णा,” म्हणाला.

आणि सगळ्यांच्या देखत मी ‘ओ’ दिली.